आत चिकटलेलं आणि बाहेरचा टीव्ही

१७ नोव्हेंबर १९९८, मंगळवार. स्थळ: कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं आमचं नर्सिंग होम, पहिला मजला, ऑपरेशन थिएटर. हजर: मॅडम, म्हणजे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सर्जन, भूल देणारे देशपांडे सर, मी, म्हणजे थिएटर सिस्टर, हिराक्का, म्हणजे थिएटरच्या मावशी, आणि टेबलावर वैशाली, माहेर बिद्री, सासर कागल. दाराबाहेर: वैशालीची सासू तानूबाई, नवरा संजय, वैशालीची आई, आणि कागलहून जीपने आलेल्या गल्लीतल्या काही बायका. त्यांची नावं मी लिहून घेतली नाहीत, कारण त्या पेशंटला पाहायला आल्या नव्हत्या. त्या टीव्ही पाहायला आल्या होत्या.

टीव्हीचं सांगते, पण आधी हजेरीचं. थिएटरमध्ये जे आत जातं ते मोजून आत जातं आणि मोजून बाहेर येतं. चिमटे, सुया, आणि मॉप. मॉप म्हणजे रक्त टिपायचा गॉजचा जाड चौकोन. पोट शिवण्याआधी सिस्टरने "मोजणी बरोबर" म्हणायचं असतं आणि ते म्हणेपर्यंत कितीही मोठा सर्जन असला तरी थांबतो. या सवयीतून सुटका नसते. लग्नाला निघताना मी दारात उभी राहून पिशव्या, डबे आणि नवरा मोजून घेते, असं माझी मुलगी सगळ्यांना सांगते. ते खरं आहे. म्हणून या लेखाची सुरुवातही हजेरीने केली. नावं बदलली आहेत, गावांची थोडी अदलाबदल केली आहे. बाकी घडलं तसं आहे.

मी थिएटरमध्ये काम करते म्हटलं की लोक एकच विचारतात, रक्त बघून भीती वाटत नाही का. वाटत नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते आणि ती रक्तासारखी दिसत नाही. वरचे टाके निघाले, वण सुकला, पेशंट पेढे वाटून घरी गेली, की सगळ्यांच्या लेखी ऑपरेशन संपलं. आतल्या जखमेचं काय झालं हे कुणी विचारत नाही. ते दिसत नाही ना.

पोटाच्या आत सगळ्या अवयवांवर एक पातळ, ओलसर, चकचकीत आवरण असतं. त्यामुळे आतडी, गर्भाशय, मूत्राशय एकमेकांवरून अलगद सरकतात. ऑपरेशनमध्ये ते आवरण कुठे कापलं जातं, कुठे घासलं जातं, कुठे नुसतं कोरडं पडतं. मग शरीर आपलं काम करतं, जखमेवर चिकट थर धरतं. बहुतेकदा तो थर विरघळून जातो. पण अशा दोन उघड्या जागा एकमेकींना टेकून राहिल्या, तर उन्हात घालायच्या आधी ओले पापड एकावर एक पडावेत तशा त्या जुळतात. पापड निदान ओढून सोडवता येतात, फाटले तर फाटले. आतडं फाटून चालत नाही. डॉक्टर याला अ‍ॅडहीजन्स म्हणतात. आमच्याकडच्या बायका म्हणतात, आत चिकटलंय. बायकांचा शब्द मला जास्त नेमका वाटतो.

पोटाच्या कुठल्याही ऑपरेशननंतर हे होऊ शकतं. बीजांडकोशाची गाठ काढली, नळीचं काही केलं, गर्भपिशवी काढली, सिझेरियन झालं, तर ओटीपोटात होऊ शकतं. अनेकींना त्याचा पत्ताही लागत नाही. एखादीला मात्र आत ओढून दुखतं, एखादीला मूल राहत नाही, एखादीचं आतडं अडकतं. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही आणि पूर्णपणे टाळण्याचा उपाय नाही. कमी करण्याचे उपाय आहेत, आणि आमची नोकरी म्हणजे ते उपाय.

मॅडमचे नियम थोडेच होते, पण कडक. कोरडा मॉप पोटात जायचा नाही, सलाइनमध्ये भिजवून पिळलेलाच जायचा. आतडी उगाच हाताळायची नाहीत. रक्त आत साठू द्यायचं नाही. आणि ग्लोव्ह्ज घातल्यावर पोटाला हात लावण्याआधी ते सलाइनच्या दोन भांड्यांत धुवायचे, कारण त्यांच्यावरची पावडर आत गेली तर तिच्याभोवतीही चिकट थर धरतो.

हा शेवटचा नियम हिराक्कांच्या जिव्हारी लागला होता. त्या काळी आमच्यासारख्या ठिकाणी ग्लोव्ह्ज एकदा वापरून टाकून देत नसत. हिराक्का ते धुवायच्या, फुगवून भोक आहे का बघायच्या, मागच्या गॅलरीत दोरीवर वाळत घालायच्या आणि मग आतून-बाहेरून पावडर लावून, मनगटाची घडी घालून, वाफेच्या ड्रममध्ये रचायच्या. पावडरीच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता. डॉक्टरांच्या हाताला ग्लोव्ह चिकटू नये, ही त्यामागची माया. मी कमी लावायला सांगितलं की म्हणायच्या, "आवो, बाळाला लावताना कोन हात राखतंय काय?" मग मॅडमनी डोळ्यांदेखत त्यांनी लावलेली पावडर दोन भांड्यांत धुऊन टाकली, की दिवसभर अबोला. शेवटी मॅडमनी एकदा त्यांना टेबलाजवळ बोलावून, जुनं ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या पोटात काय धरलंय ते दाखवलं. हिराक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्ये तर माळ्यावरच्या जळमटागत हाय की." त्या दिवसापासून पावडर निम्म्यावर आली. अबोला मात्र अधूनमधून सुरूच राहिला, सवयीने.

आता टीव्ही.

आमच्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन सुरू झालं तेव्हा कोल्हापुरात त्याचं अप्रूप होतं. पोट न उघडता, बारीक छिद्रातून दुर्बीण आत घालायची आणि आतलं सगळं टीव्हीवर बघत काम करायचं. त्या टीव्हीची एक वायर मॅडमनी बाहेर काढून, नातेवाईक बसतात तिथे दुसरा टीव्ही लावला होता. हेतू चांगला होता. डॉक्टर आत काय करतात याचा संशय लोकांच्या मनात असतो, तो जावा. आणि खरंच लोक खूश झाले. ज्यांना हवी त्यांना कॅसेटही मिळायची. एका पाहुण्यांनी आपल्या बहिणीच्या ऑपरेशनची कॅसेट नेली, व्हीसीआर भाड्याने आणला आणि सगळ्या गल्लीला दाखवली. पुढच्या तपासणीला ती बहीण आली तेव्हा तिची मान वर होत नव्हती. मला ते खटकलं होतं. पण खटकलेल्या गोष्टींची यादी मी ठेवत नाही, कामांची ठेवते, म्हणून ते तिथेच राहिलं.

वैशालीच्या लग्नाला तीन-चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. शिवाय उजव्या बाजूला ओढल्यासारखं दुखायचं. शेतात भांगलताना, म्हणजे तण काढताना, वाकली की, पाण्याची घागर उचलली की, आणि पाळीच्या दिवसांत फार. गावात गॅसच्या गोळ्या झाल्या, जंताचं औषध झालं, अंगारा झाला. सोनोग्राफीत ठळक असं काही नव्हतं. उजवा बीजांडकोश नीट दिसला नाही, वायूमुळे असेल, एवढं लिहिलं होतं. मॅडमनी दुर्बिणीने बघायचं ठरवलं.

आदल्या दिवशी तानूबाई सुनेला घेऊन दाखल झाल्या. ठसठशीत कुंकू, आवाज खालच्या मजल्यावर पोचेल असा. माझ्या एप्रनवरचं नाव कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि विचारलं, "कुठलं कांबळं?" हा प्रश्न आमच्या भागात गावासाठी विचारत नाहीत, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी म्हटलं, "थिएटरातलं." तानूबाई मोकळ्या हसल्या. तिथून आमचं जमलं.

पेशंटला काय विचारायचं याची माझी ठरलेली पद्धत आहे. आधीच्या ऑपरेशनबद्दल मी दोनदा विचारते. एकदा सगळ्यांसमोर, आणि एकदा गाऊन घालायला सगळ्यांना बाहेर काढल्यावर. पहिल्या वेळी उत्तर पेशंट देत नाही, तिची सासू देते. तानूबाईंनीही तेच केलं. "लग्नाआदी अपेंडिक्स काढल्यालं हाय. बाकी काय न्हाय." वैशालीची आई कोपऱ्यात उभी होती. तिने होकारार्थी मान हलवली, जरा जास्तच वेळ.

आपल्याकडे लग्नाआधी मुलीच्या पोटावर वण असला की तो अपेंडिक्सचा असतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की अपेंडिक्स फक्त लग्नाच्या मुलींनाच असतं की काय, असं वाटावं. दगडाच्या काळजाने कुणी खोटं बोलत नाही. मुलीच्या गर्भपिशवीजवळ काही कापलं हे कळलं की सोयरीक मोडते, म्हणून बोलतात.

मंगळवारी सकाळी गाऊन घालताना मी दुसऱ्यांदा विचारलं. वैशालीच्या बेंबीखाली मधोमध उभा वण होता. अपेंडिक्सचा सहसा उजवीकडे, तिरका असतो. मी म्हटलं, "फुटलं होतं का अपेंडिक्स?" ती म्हणाली, "व्हय." मग दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "शिस्टर, भायेरच्या टीव्हीत सगळंच दिसतंय?"

"आत मॅडमना दिसतं ते सगळं."

"नसल्यालं बी दिसतंय?"

मी तिच्या हातातल्या बांगड्या काढत होते. ते काम थांबवलं आणि खुर्ची घेऊन बसले. इतक्या वर्षांत थिएटरच्या दारात मी बसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

तिने सांगितलं ते असं. एकोणीस वर्षांची असताना अचानक पोटात कळ आली. बीजांडकोशाला गाठ होती आणि तिला पीळ बसला होता. ताबडतोब पोट उघडलं, उजवा बीजांडकोश आणि त्या बाजूची नळी काळी पडली होती, दोन्ही काढावी लागली. जीव वाचला. पण ठरत आलेली सोयरीक त्यावरून मोडली. मग आईने तिला शपथ घातली, इथून पुढे अपेंडिक्स म्हणायचं. संजयलाही तिने तेच सांगितलं होतं. आता आत दुर्बीण गेली की एका बाजूला बीजांडकोश दिसणार, दुसऱ्या बाजूला नाही. बाहेर नवरा, सासू आणि कागलची अर्धी गल्ली. "मला म्हायेरी धाडतील," ती म्हणाली. रडली नाही. ज्या सुरात पाळीची तारीख सांगितली होती, त्याच सुरात म्हणाली.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. वण पाहून त्यांना आधीच अंदाज आला होता. उभ्या वणाखाली आतडं चिकटलेलं असू शकतं, म्हणून पोट फुगवायची पहिली सुई बेंबीतून घालायची नाही, डाव्या बरगड्यांखालून आत जायचं, हे त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. काय काढलंय हे कळल्यावर त्यांचं काम सोपं झालं. टीव्हीचं सांगितलं तेव्हा मात्र त्या हात घासता घासता थांबल्या.

"आपण आजवर एकीलाही विचारलं नाही, नाही का?"

"नाही."

"यापुढे विचारायचं. तिला एकटीला. यादीत घाला."

मी घातलं. मग बाहेर गेले, टीव्हीच्या मागून वायर काढली आणि गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली. बायका चुरमुऱ्याच्या लाडवांची पुडकी सोडून बसल्या होत्या. टीव्ही काळा झालेला पाहून तानूबाई उठल्या.

"काय झालं? बिघडला व्हय?"

"वायर नाही."

"कुठं गेली?"

"आत."

"आवो कांबळेबाई, पावणं इतक्या लांबनं आल्यात की."

"लाडू खाऊ दे त्यांना."

त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. खिसा फुगलेला होता. मी वळले आणि आत आले. त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि तेव्हा मला ते फक्त बरं वाटलं.

आत काय दिसलं ते थोडक्यात सांगते. आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. तो वणाच्या मागच्या बाजूला पडद्यासारखा चिकटला होता आणि त्याला लागून आतड्याचं एक वेटोळं. बेंबीतून सरळ सुई घातली असती तर ती कुठे गेली असती, ते आम्हा सगळ्यांना दिसलं. देशपांडे सर एरवी ऑपरेशन चालू असताना क्रिकेटचं बोलतात, तेही उठून पडद्यापाशी आले. डावा बीजांडकोश पाठीमागे जाळ्यात बसला होता, नळी दुमडून त्याला चिकटलेली. काही तंतू गुळाची तार निघावी तसे, हात लावला की सुटणारे. काही मात्र चपलेच्या वादीसारखे जाड. मॅडमनी एकेक करून नळी मोकळी केली. थोडं कापायचं, धुवायचं, थांबायचं, रक्त येतंय का बघायचं. मग नळी खुली आहे का बघायला खालून निळं औषध सोडलं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग डाव्या नळीच्या तोंडाशी निळा थेंब आला, मोठा झाला आणि ओघळला. हिराक्का म्हणाल्या, "आली गं बाई." जणू एसटी आली.

आतड्याच्या वेटोळ्यापाशी मात्र मॅडम थांबल्या. ते जाड चिकटलेलं तसंच ठेवलं. "हे सोडवायच्या नादात भोक पडलं तर आत्ताचं बरं म्हणायची वेळ येईल." कापणाऱ्या हातांचं कौतुक सगळे करतात. कुठे न कापता हात मागे घ्यायचा, हे बाहेरच्या टीव्हीवर दिसलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बाई दमल्या.

दुपारी मॅडमनी नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावलं. त्या खोटं बोलल्या नाहीत आणि पेशंटने झाकलेलं उघडंही केलं नाही. आधीच्या ऑपरेशननंतर आत चिकटलं होतं, दुखणं त्याचं असू शकतं, ते मनाचं नाही. काही सोडवलं, काही धोक्याचं म्हणून ठेवलं. सोडवलेलंही पुन्हा चिकटू शकतं. मूल राहण्याची आशा आहे, खात्री नाही. संजयने दुखण्याचं विचारलं, कमी होईल का. मॅडम म्हणाल्या, बघू या.

तानूबाई मधेच म्हणाल्या, "वरचा टाका बरा झाला तरी आत चिकटतंय?"

"चिकटू शकतं."

"आनि तपासात दिसत न्हाय?"

"सोनोग्राफीत बहुतेकदा नाही."

"पिशवी काढल्याली असली तरी?"

मॅडमनी मान हलवली. तानूबाईंनी पदर सारखा केला आणि हात पोटावर ठेवला. पुढचं सगळं बोलणं होईपर्यंत तो हात तिथेच होता.

मी जिन्यात त्यांना गाठलं. त्यांची गर्भपिशवी कधीच काढली होती, संजय शाळेत असताना. तेव्हापासून ओझं उचललं की आत कुणीतरी दोरी ओढल्यागत होतं, त्या म्हणाल्या. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कुणाला काही सापडलं नाही. मालक म्हणाले, कामाच्या टायमालाच हिचं दुखतंय. जावा म्हणाल्या, सोंगं करती. मग त्यांनीच सांगणं सोडलं. आणि एवढं बोलून झाल्यावर, कठड्याला धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीबी हिला त्येच म्हनलं की. सोंगं करती म्हनलं."

मी त्यांना म्हटलं, मॅडमना दाखवून घ्या. आजच घ्या. त्या म्हणाल्या, "ऊस जाऊ दे तुटून. मग येतो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. मी यादीत लिहिलं: तानूबाई, कागल, तपासणी.

ऊस गेला. त्या आल्या नाहीत.

वैशाली येत राहिली. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण कमी झालं. दोन वर्षांनी दिवस राहिले, तेव्हा मॅडमना आनंद आणि काळजी एकदमच झाली. नॉर्मल होईल तर उत्तम, कारण पुन्हा पोट उघडायचं म्हणजे त्या जुन्या चिकटलेल्यातून वाट काढायची. पण बाळ आडवं राहिलं आणि २००१ मध्ये सिझेरियन करावं लागलं. रक्ताच्या बाटल्या आणून ठेवल्या, गरज पडली तर यावं म्हणून दुसऱ्या एका सर्जनना सांगून ठेवलं. सिझेरियन म्हणजे पटकन होणारं ऑपरेशन अशी लोकांची समजूत असते. त्या दिवशी मॅडमना बाळापर्यंत पोचायलाच वेळ लागला. मूत्राशय नेहमीच्या जागी नव्हतं, वर ओढलं जाऊन चिकटलं होतं. ते हळूहळू खाली सरकवताना मी एकामागून एक ओले मॉप देत होते आणि मनातल्या मनात मोजत होते. वैशाली जागीच होती, कमरेतून भूल दिलेली. तिने विचारलं, "शिस्टर, सापडंना व्हय?" मी म्हटलं, सापडेल, जाईल कुठं. ते मी स्वतःलाही सांगत होते.

मुलगी झाली. रडली, खणखणीत. आजीवर गेली असं देशपांडे सर म्हणाले, ते बरोबरच होतं.

मोजणी बरोबर म्हटलं, पोट शिवून झालं, आणि बाळ घेऊन मी बाहेर आले. संजय औषधं आणायला खाली गेला होता. तानूबाई एकट्याच दाराशी होत्या. या वेळी पावणे कुणी आणले नव्हते. बाळ हातात दिलं तर तोंड न बघता आधी विचारलं, "तिचं आतलं कसं हाय?" मी सांगितलं, मूत्राशय चिकटलं होतं, सोडवलं, जपावं लागेल, पण ठीक आहे. मग त्यांनी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला करून बघितलं आणि बाळाशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "अपेंडिक्स उजव्या अंगाला असतंय. माझ्या भावाचं काढलंय. तिरका वन हाय त्येचा."

मी बाळाच्या पायावरचं दुपटं सारखं केलं.

"तुमी वायर खिशात घातली, तवा समजलं. त्याआदी नुसता संशय हुता. मग मी म्हनलं, नगो बगाय. बायांना घिऊन खाली च्या प्यायला गेलतो."

"वैशालीला माहीत आहे, तुम्हाला कळलंय ते?"

"न्हाय. मी कशाला सांगू? तिला वाटंल तवा तिनं सांगावं." आणि थोड्या वेळाने, "मला तर खरं सांगून बी कुनी खरं मानलं न्हाय. तिनं खोटं सांगितलं तर काय बिगाडलं?"

संजय जिना चढून येत होता. त्यांनी बाळ त्याच्याकडे दिलं आणि आवाज पुन्हा खालच्या मजल्यापर्यंत नेला, टोपडं कुठं हाय, कुनी आनलंय का न्हाय.

त्यानंतर त्या नातीच्या प्रत्येक लसीला आल्या. प्रत्येक वेळी मी आठवण केली, आणि प्रत्येक वेळी काहीतरी होतं. नातीचे दात, म्हशीचं वेत, पुतण्याचं लग्न, पुन्हा ऊस. एकदा मी हात धरून मॅडमच्या केबिनच्या दारापर्यंत नेलं, तर म्हणाल्या, "तपासून काय हुनार? परत कापतील. परत चिकटंल." ते मी मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, त्यांचं काही चुकीचं नाही. नुसतं दुखतं म्हणून पोट उघडायला मी नाहीच सांगणार. पण आणा त्यांना. हात लावून बघू या, दुसरं काही नाही ना याची खात्री करू, औषध, व्यायाम काय झेपतं ते ठरवू. आणि एकदा कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं, की तुमचं दुखतं ते खरं दुखतं.

हिराक्का आता घरी असतात. ग्लोव्ह्ज पाकिटातून येतात, बिनपावडरचेही मिळतात, मागच्या गॅलरीत दोरी तेवढी राहिली आहे. बाहेरचा टीव्ही अजून आहे, त्यावर नातेवाईक मालिका बघतात. ऑपरेशन कुणाला दाखवायचं का, हा प्रश्न मी पेशंटला एकटीला विचारते. नवीन मुलींना मी हे शिकवते: प्रश्न दोनदा विचारा, आणि दुसऱ्यांदा विचारताना दार लावा.

गेल्या आठवड्यात यादीची नवी वही घातली, तेव्हा जुनी राहिलेली कामं उतरवताना कागलला फोन लावला. वैशालीने उचलला. सासूला ती आत्ती म्हणते, कर्नाटकच्या सीमेकडे तसंच म्हणतात. आत्ती भांगलायला गेल्यात, म्हणाली. मुलगी शाळेत जाते, आवाज तसाच आहे.

मी विचारलं, "आत्तीचं पोट दुखतं का अजून?"

"म्हनत न्हाईत कवा. पन खाली बसताना पोटाला हात लावल्याबिगर बसत न्हाईत." मग हळूच म्हणाली, "बाई, एक हुतं. त्या अपेंडिक्सचं आत्तींना सांगावं म्हनतो. लई वर्सं झाली. सांगू काय?"

मी म्हटलं, सांग. आणि सांगून झालं की दोघी मिळून या.

"ऊस जाऊ दे," ती म्हणाली, "मग येतो."

मी नव्या वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: तानूबाई, कागल, तपासणी.